दमणाऱ्या स्प्रिंगा

३ तारीख, सोमवार

रोज लिहायचं असं ठरवून ही वही घेतली, त्याला बराच काळ लोटला. आधी म्हटलं, सोमवारपासून सुरू करू. मग बरेच सोमवार येऊन गेले. मागच्या सोमवारी खरंच बसले होते, पण पेन्सिलीला टोक काढताना साल न तुटता किती लांब निघते ते बघत राहिले, आणि घरातल्या सगळ्या पेन्सिली बोटभर झाल्यावरच उठले. मावशीने विचारलं, काही लिहिलंस का. मी म्हटलं, तयारी पूर्ण झाली. आज पेनने लिहितेय.

तर मी मावशीकडे आहे. आठवड्यासाठी आले होते. माझी बॅग अजून दाराशी भरून ठेवलेली आहे, म्हणजे कपडे, बूट आणि टूथब्रश सोडून बाकी भरलेलीच आहे. पुढे समुद्राकडे जायचा बेत आहे, तिथे एका मैत्रिणीने बोटीवर काम बघून ठेवलंय. त्याआधी मी रोपवाटिकेत होते, त्याआधी जत्रेतल्या मोठ्या पाळण्याची तिकिटं फाडत होते, आणि त्याच्याही आधी कॉलेजात, ते एका पावसाळी सकाळी वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेनमुळे सुटलं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी. आई मला नावाने हाक मारते, मावशी मात्र भिंगरी म्हणते.

मावशीने अर्धं आयुष्य मोठ्या प्रयोगशाळेत काढलं आणि मग एक दिवस तिथून उठून घराशेजारच्या गॅरेजमध्ये स्वतःचं काम काढलं. ती धातूची काच बनवते. मला वाटलं होतं, आरपार दिसेल. दिसत नाही. चकचकीत, बोटभर रुंदीची फीत असते, कागदासारखी पातळ आणि हट्टी. वाकवून सोडली की सटकन सरळ.

मी विचारलं, मग काच कशाला म्हणायचं. मावशीने सांगितलं ते मला पटलं म्हणून लिहून ठेवते. वितळलेला धातू एरवी निवांत थंड होतो, तेव्हा त्याचे अणू शाळेतल्या मुलांसारखे ओळीत उभे राहतात. मावशी तो इतका झटकन थंड करते की ओळ लावायला वेळच मिळत नाही. काचेत असतो तसाच गोंधळ आतल्या आत गोठतो. "सुटणाऱ्या बसमध्ये घुसलेली माणसं," ती म्हणाली. ज्याला जिथे पाय टेकायला मिळाला तिथे तो. मग बस चालू लागते, हादरे बसतात, तसा जो तो जरा सरकतो, खांदा सोडवून घेतो, पिशवी पायाशी घेतो. गर्दी तेवढीच, पण बसते. हादरे म्हणजे उष्णता.

मी म्हटलं, आणि कंडक्टर?

मावशी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, कंडक्टर म्हणजे ताण. पुढे सरका, पुढे सरका. मग मी तिला एका कंडक्टरची गोष्ट सांगितली, ज्याने मला अख्खा प्रवासभर घंटी वाजवू दिली होती, आणि धातूचा विषय तिथेच राहिला.

५ तारीख, बुधवार

आज फीत काढली. एवढी मजा मला पाळण्यावरही आली नव्हती.

तांब्याचं एक चाक आहे, कढईच्या झाकणाएवढं. ते इतकं जोरात फिरतं की फिरतंय असं वाटतच नाही, नुसता आवाज येतो. वर मुशीत धातू वितळतो. मावशी कळ दाबते, लालभडक धार चाकावर पडते, आणि पापणी लवायच्या आत समोरच्या नळकांड्यातून चकचकीत फीत सळसळत बाहेर. माझं काम ती गुंता न होऊ देता धरायचं. मी सगळ्या गॅरेजभर पळाले. शेवटी फितीत मीच गुंडाळली गेले तेव्हा घड्याळवाले काका दारात उभे होते. म्हणाले, "बाई, पार्सल तयार झालेलं दिसतंय."

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान समोर आहे. आता घड्याळ कोण दुरुस्त करतं, म्हणून दिवसातला बराच वेळ ते इथेच असतात. पंपाचा सगळा सांगाडा, चाकं, खिटी त्यांची. स्प्रिंग मावशीची. काका विसराळू आहेत बिचारे. रोज जाताना चष्म्याची डबी इथे विसरतात आणि ती न्यायला पुन्हा येतात, आणि आलेच आहेत म्हणून मावशीला चहा करावा लागतो. मी एकदा धावत जाऊन डबी दुकानात नेऊन दिली तर दोघांपैकी कुणीच मला शाबासकी दिली नाही.

पंपाचं सांगायचं राहिलं. इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात औषध सुईतून थेंब थेंब, एकसारखं जावं लागतं. विजेचे पंप आहेत, पण वीज गेली की ते बंद पडतात, मग सिस्टर हाताने सिरिंज दाबत बसतात. मावशी आणि काकांचा पंप विजेशिवाय चालतो. फितीची गुंडाळलेली स्प्रिंग उलगडत जाते आणि सिरिंज ढकलत जाते. मावशीचा धातू साधारण उकळत्या पाण्याच्या आसपासच मऊ पडायला लागतो, त्यामुळे साध्या छोट्या भट्टीत त्याला हवं ते वळण देता येतं. याचा तिला फार अभिमान आहे. काकांनी अशी सोय केली आहे की स्प्रिंग इथूनच पूर्ण ताणून, खिटी लावून पाठवायची. सिस्टरनी फक्त खिटी काढायची.

उद्या वॉर्डात दाखवायचंय. तयार पंप ठेवायला जागा पुरेना, म्हणून काही दाराजवळच्या कपाटात आहेत आणि काही आतल्या भिंतीच्या फळीवर. फळीवरचे काढायला मुकादमाला उठवावं लागलं. मुकादम म्हणजे बोका. गॅरेजात एवढी जागा, खुर्चीवर उशी घातलीय, पण त्याला फळीवर पंपांच्या डब्यांवरच झोपायचं असतं. उठवलं की माझ्याकडे असं बघतो की मीच उशिरा कामावर आलेय.

६ तारीख, गुरुवार

फजिती.

तीन पंप नेले होते. फळीवरचे दोन आणि कपाटातला एक. वॉर्डचे डॉक्टर होते, आणि हात बांधून उभ्या असलेल्या थोरल्या सिस्टर. सिरिंजमध्ये नुसतं पाणी होतं. कपाटातल्याने शेवटपर्यंत छान ढकललं. बाकीचे दोन अर्ध्यावर येऊन मुकाट उभे राहिले. मावशीने एकाला हळूच टिचकी मारली. काही नाही.

डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, पुन्हा एकदा संधी देतो, महिनाअखेर या. थोरल्या सिस्टरनी पंप उचलून उलटसुलट पाहिला आणि मावशीच्या हातात देत म्हणाल्या, "खेळणं चांगलंय. पण माझ्या वॉर्डात खेळायला वेळ नाही."

परत येताना काका म्हणत होते चूक माझ्या खिटीची, मावशी म्हणत होती चूक माझ्या भट्टीची. दोघं इतक्या आदराने भांडत होते की रस्त्यावरच्या माणसांना वाटलं असेल, एकमेकांना पुढे जायचा आग्रह करतायत.

घरी आल्यावर मावशी भांडी घासता घासता म्हणाली की एका मोठ्या कारखान्यातून पुन्हा फोन आला होता, दुसऱ्या शहरात, मोठी जागा देतायत. महिनाअखेरही जमलं नाही तर ती गॅरेजला कुलूप लावून तिकडे जाईल. "काकांना सांगू नकोस," ती म्हणाली. मी का सांगेन, त्यांना काय फरक पडतो. पण मला मात्र खूप वाईट वाटलं. चाकाचं काय होणार?

१० तारीख, सोमवार

मावशीला वाटतंय, स्प्रिंगेला वळण देताना भट्टी नीट तापत नसावी. कमी तापली तर धातू वळण धरत नाही, जास्त तापली तर आत ओळी लागतात, काचेची काच राहत नाही, आणि फीत हातात घेतली की तुकडे. म्हणून ती भट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवून एकेक अंश चढवून-उतरवून बघतेय. भट्टी पलीकडच्या खोलीत आहे, भिंतीला लागूनच. मी स्प्रिंगा काढायच्या, पंपात बसवायच्या, ताणायच्या, खिटी लावायची, डब्यात ठेवायच्या. डबे फळीवर.

ताजी स्प्रिंग ताणकाट्याला लावली की झकास जोर दाखवते. ताणकाट्यातही स्प्रिंगच असते, म्हणजे एका स्प्रिंगेने दुसरीची परीक्षा घ्यायची. मी विचारलं, आणि ताणकाट्याची परीक्षा कोण घेतं? काका म्हणाले, या मुलीला कुणीतरी कामाला लावा.

मुकादम हल्ली जेवायलासुद्धा फळीवरून उतरत नाही.

१३ तारीख, गुरुवार

वाईट दिवस. सोमवारच्या स्प्रिंगा काढून पाहिल्या. सगळ्या दमलेल्या. आधीपेक्षा जास्त दमलेल्या. जेवढी मेहनत करावी तेवढं बिघडत चाललंय. मावशीने कपाळाला हात लावला नाही की काही नाही, नुसती स्टुलावर बसून चप्पल पायात हलवत राहिली. काका आज डबी न विसरता गेले. मग थोड्या वेळाने परत आले. मावशीने विचारलं, आज काय राहिलं? ते म्हणाले, आज काहीच राहिलं नाही, हे सांगायला आलो.

मी मध्येच समोरच्या छपरावरच्या कबुतरांची घरटी बघायला गेले होते. तीन पिल्लं आहेत.

१५ तारीख, शनिवार

काय दिवस होता आजचा.

सकाळी मी जमिनीवर बसून फळीखालच्या भिंतीला पाठ टेकवून चहा पीत होते. बाहेर गारठा होता. मावशी आली ती चिडूनच. उरलेले डबे काढायचेत, आणि तू काय करतेयस. मी म्हटलं, मुकादम उठेल तेव्हा काढते. तिने सरळ हात घालून त्याला उचललं, दुसऱ्या हाताने डबा ओढला, आणि तशीच थांबली. बोका काखेत लोंबकळतोय, आणि ही डब्यावर तळहात ठेवून उभी.

"हे गरम कशाने झालंय?"

"गरमच असतं ते," मी म्हटलं. "म्हणून तर तो तिथे झोपतो. मी पण इथेच टेकते, पाठीला बरं वाटतं."

मावशीने भिंतीला हात लावला. वरपर्यंत लावत गेली. मग पलीकडच्या खोलीत गेली, परत आली, भिंतीला गाल लावला. ती फळी तिनेच ठोकली होती, भट्टीच्या बरोबर पाठीला, तेव्हा भट्टी दिवसातून कधीमधी लागायची. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि इतकी हसली की मुकादम घाबरून पळाला. मी विचारतेय काय झालं, काय झालं, आणि तिला बोलता येईना.

"बस हलतेय," ती शेवटी म्हणाली, "आणि कंडक्टरपण ओरडतोय. अगं, दोन्ही एकदम."

मग समजावून सांगितलं. बस नुसतीच हलत असली तर लोक जिथल्या तिथे सावरून बसतात. नुसता कंडक्टर ओरडला आणि बस उभीच असली तर कुणी जागचं हलत नाही. पण बस हलतेय आणि तो ओरडतोय, तेव्हा हादऱ्या हादऱ्याला एकेक माणूस पुढे सरकतं आणि थोड्या वेळाने सगळी गर्दी पुढे. आमच्या स्प्रिंगा ताणलेल्या होत्या आणि ऊब खात होत्या. भट्टीइतकी नाही, बोक्याला मानवेल एवढीच. पण दिवसचे दिवस. आतले अणू ताणाच्या बाजूने हळूहळू सरकले, निवांत झाले, आणि स्प्रिंगेत ढकलायला जोरच उरला नाही. आणि आम्ही भट्टी जितकी जास्त लावत होतो तितकी फळी जास्त तापत होती.

काका आले तेव्हा मावशीने त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. मग सगळं बोलून झालं तरी दोघांचे हात भिंतीवरच होते. मी म्हटलं, आता थंड व्हायला लागली असेल. तेव्हा सुटले.

१९ तारीख, बुधवार

पटलं तरी मावशी पडताळल्याशिवाय मानत नाही. स्प्रिंगांचे चार गट केले. ताणलेल्या आणि फळीवर. सैल सोडलेल्या आणि फळीवर. ताणलेल्या आणि कपाटात. सैल आणि कपाटात. भट्टी मुद्दाम चालू. मुकादमाला फळीवर परत बोलावलं, तर रुसला होता, दुसऱ्यांदा बोलावल्यावर आला.

आज काढल्या. फक्त पहिला गट दमला. बाकी तिन्ही गट ताजेतवाने. काकांनी ताणकाटा उचलला आणि मला नाचवत नेलं सगळ्या गॅरेजभर, या वयात, गुडघे वाजत असताना. मावशी टाळ्या वाजवत होती. मी बोटीवरच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं की मला इतक्यात यायला जमणार नाही, इथे फार गडबड आहे. ती म्हणाली, तू मागच्या महिन्यातही हेच म्हणालीस.

२० तारीख, गुरुवार

आनंद ओसरला. मावशी म्हणते, फळी हलवून भागणार नाही. वॉर्डातलं औषधाचं कपाट उकळणीच्या खोलीला, म्हणजे जिथे उपकरणं उकळून घेतात तिला, लागून आहे; तेव्हा तिचं लक्ष गेलं नव्हतं, पण आता आठवतंय. उन्हाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे ताणलेला पंप पाठवायचाच नाही. सैल पाठवायचा, आणि लागेल तेव्हा चावी देऊन ताणायचा. तेवढ्या तासाभराच्या कामात तो दमत नाही.

काकांना हे अजिबात पसंत नाही. त्यांचा सगळा पंपच या गोष्टीवर उभा आहे की सिस्टरना काही करावं लागू नये. ऐन घाईत चावी कोण देणार, ते म्हणाले. घड्याळाला चावी द्यायलासुद्धा लोक कंटाळले, म्हणून माझं दुकान ओस पडलं. मग काका उठून गेले. मला वाटलं रागावले. तर संध्याकाळी खिशातून एक चावी काढून टेबलावर ठेवली. पितळेची, अंगठा बसेल अशी खोलगट, आणि पुरेशी ताणली की 'टक्' असा आवाज करून मोकळी फिरणारी. म्हणजे जास्त ताणायची भीतीच नाही.

"एका हाताने देता येते," ते म्हणाले. "दुसऱ्या हातात मूल असलं तरी."

मावशीने चावी फिरवून पाहिली. टक्. पुन्हा फिरवली. मग म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं.

२८ तारीख, शुक्रवार

वॉर्डात जाऊन आलो. सगळे पंप शेवटपर्यंत चालले. एक पंप तर मावशीने मुद्दाम उकळणीच्या खोलीच्या भिंतीशी सैल ठेवलेला होता, मागच्या आठवड्यापासून, डॉक्टरांची परवानगी काढून. तोही चालला.

पण डॉक्टर चावीपाशी अडले. म्हणाले, पंप उत्तम आहे, पण रात्रपाळीला दोन सिस्टर असतात, चावी कोण देणार, विसरली तर? विचार करून कळवतो. थोरल्या सिस्टर या वेळीही हात बांधून उभ्या होत्या. निघताना मी पाहिलं, त्या चावी हातात घेऊन खिडकीकडे गेल्या होत्या आणि आमच्याकडे पाठ होती. मला वाटलं, चावी परत मागावी. धीर झाला नाही.

घरी मावशीने कारखान्याचा नंबर शोधून टेबलावर ठेवला. फोन केला नाही अजून. मग मला म्हणाली, तू तुझ्या बोटीवर जा बरं, किती दिवस अडकून राहशील. मी म्हटलं, जाईन, बूट वाळले की. बूट कोरडेच आहेत, पण तिने काही पाहिलं नाही.

३० तारीख, रविवार

इस्पितळातून काही नाही. मावशीने गॅरेज झाडून काढलं. चाकावर कापड घातलं. मी ते परत काढलं, तिने परत घातलं. काका आले, झाकलेलं चाक पाहिलं आणि मावशीकडे बघत राहिले. तिने त्यांना सांगितलं, कारखान्याचं. मला वाटलं होतं ते म्हणतील, छान झालं, मोठी जागा. ते म्हणाले, "तिथे घड्याळवाल्याचं दुकान चालेल का, बघून ठेवा." मावशीने झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून पडला. कुणी उचलला नाही. मी उचलायला जात होते, पण मला वाटलं इथे उगाच मध्ये येऊ नये, म्हणून वही घेऊन बाहेर पायरीवर बसलेय आणि हे लिहितेय.

ऊन छान पडलंय. कबुतराचं एक पिल्लू छपराच्या काठावर उभं राहून उडू की नको करतंय. कोपऱ्यावर एक रिक्षा थांबलीय आणि तिच्यातून माणसं उतरताहेत, एक, दोन, तीन, सगळ्या बायका. मधली ओळखीची वाटते. कोट घातलाय, पण खाली पांढरे बूट. हात बांधलेले नाहीत म्हणून आधी ओळखलंच नाही.

थोरल्या सिस्टर आहेत. सोबत वॉर्डातल्या दोघी. पायरीशी येऊन मला म्हणाल्या, "डॉक्टर अजून विचार करतायत, करू देत. वॉर्ड मी चालवते." आणि खिशातून काकांची ती पितळेची चावी काढून माझ्यापुढे धरली. "ही मी ठेवून घेतली होती. भिंतीशी राहिलेल्या तुमच्या पंपाला रात्रपाळीत एका हाताने देऊन पाहिली, जमते. आता या दोघींना शिकवा, आणि असे चावीचे आणखी किती पंप मिळतील ते बाईंना विचारा."

मावशीला हाक मारायला हवी, पण आत्ता आत जावं की नाही तेच कळत नाहीये. मारतेच. मावशी, बाहेर ये, आणि काकांनाही घेऊन ये.